नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना ‘कशावरून?’ हा प्रश्न पहिल्या सत्रापासून विचारू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षी नवे सत्र सुरू झाले की आपल्या दैनिकाच्या बेळगाव, खानापूर आणि निपाणीच्या पानांवर नर्सिंग महाविद्यालयांतील शपथविधीची छायाचित्रे येतात. पांढऱ्या गणवेशातील मुली, त्यांच्या हातातील पेटते दिवे आणि मागे बसलेल्या आईवडिलांच्या चेहऱ्यावरचे समाधान पाहिले की माझे मन भरून येते, कारण त्या रांगेत मी स्वतः उभी राहिले आहे आणि पुढे आधी स्टाफ नर्स व नंतर नर्सिंगची शिक्षिका म्हणून एकतीस वर्षे अशाच मुलींबरोबर घालवली आहेत. (मुली म्हणते खरी, पण आता आमच्या भागातील वर्गांत मुलगेही पुष्कळ असतात आणि पुढचे सारे त्यांनाही लागू आहे.) या विद्यार्थ्यांना चार वर्षांत जे शिकवले जाते त्यातील एका उणिवेविषयी मला लिहायचे आहे. ती उणीव मीही अनेक वर्षे चालू ठेवली होती, हे आधीच कबूल करते.

रुग्णासाठी आपण जे करतो त्याचा खरोखर उपयोग होतो का, हे कोणी नीट तपासले आहे का ते पाहायचे आणि मगच ते करायचे, एवढा साधा अर्थ ‘पुराव्यावर आधारित शुश्रूषा’ या लांबलचक नावात आहे. डॉ. डेव्हिड सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये वैद्यकशास्त्रासाठी या विचाराची जी मांडणी केली, तिच्यात संशोधनातील सर्वांत भरवशाचा पुरावा, उपचार करणाऱ्याचा अनुभव आणि रुग्णाची स्वतःची इच्छा या तिन्ही गोष्टींना जागा आहे. नर्सिंगने हा विचार पुढे आपलासा केला. भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ च्या सुधारित अभ्यासक्रमातही तो आहे, त्यामुळे ‘ईबीपी’ (एव्हिडन्स बेस्ड प्रॅक्टिस) हा शब्द आज प्रत्येक विद्यार्थ्याच्या तोंडी असतो आणि त्याची व्याख्या विचारली तर न अडखळता सांगितली जाते.

अडचण व्याख्येनंतर सुरू होते. चार वर्षांची आठ सत्रे. त्यात संशोधन आणि संख्याशास्त्र हा विषय येतो सातव्या सत्रात आणि आठवे सत्र इंटर्नशिपचे. म्हणजे ज्या तीन वर्षांत विद्यार्थ्याचे हात घडतात, अंथरूण घालणे, इंजेक्शन देणे, ट्यूब घालणे, ड्रेसिंग करणे यांच्या सवयी अंगात मुरतात, त्या तीन वर्षांत ‘हे असेच का?’ हा प्रश्न त्याच्यासमोर येत नाही, आणि सवयी पक्क्या झाल्यावर मात्र पुरावा कसा शोधावा याचे धडे सुरू होतात. त्या सत्रात गटाने एक प्रकल्प करायचा असतो. बहुतेक ठिकाणी तो एकाच साच्याचा असतो: अमुक विषयावरील ज्ञानाची पातळी मोजण्यासाठी प्रश्नावली, मग नियोजित अध्यापन, मग तीच प्रश्नावली पुन्हा, आणि निष्कर्ष असा की शिकवल्यानंतर ज्ञान वाढले. सोनेरी अक्षरांत बांधणी करून तो ग्रंथालयाच्या कपाटात जातो. त्या मुलांनी घेतलेल्या मेहनतीबद्दल मला आदर आहे. परंतु त्या प्रकल्पामुळे वॉर्डातील एकाही खाटेवरची शुश्रूषा बदललेली मी पाहिली नाही.

गेल्या पावसाळ्यात माझ्या नात्यातील एका वृद्ध गृहस्थांचे खुब्याचे हाड मोडले आणि काही दिवस मी त्यांच्या उशाशी होते. सकाळी एक विद्यार्थिनी ट्रे घेऊन आली. ट्रेमध्ये स्पिरिट, पावडर, कापूस. तिने त्यांना हळुवारपणे कुशीवर वळवले, माकडहाडापाशी लाल झालेल्या जागेवर स्पिरिट लावले आणि गोल गोल चोळायला सुरुवात केली. ‘बाळ, लई जळजळतंय,’ असे ते म्हणाले, तेव्हा तिचा हात क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू झाला. तिला मी विचारले की चोळण्याचे कारण काय. ‘मॅडम, रक्ताभिसरण वाढतं. रेकॉर्ड बुकात तसंच आहे.’ मी तिला त्या लाल जागेवर बोट दोन-तीन सेकंद दाबून उचलायला सांगितले. निरोगी त्वचा दाबल्यावर क्षणभर पांढरी पडते. ही जागा तशीच लाल राहिली. याचा अर्थ आतल्या बारीक रक्तवाहिन्यांना दाबाने आधीच इजा झाली आहे, आणि अशा जागी चोळणे म्हणजे फाटत आलेल्या कापडाला आणखी ताण देणे. स्पिरिटने त्वचा कोरडी पडते ती वेगळीच. बेडसोरविषयीच्या, म्हणजे एकाच जागी पडून राहिल्याने होणाऱ्या जखमांविषयीच्या, आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना लाल जागेवर चोळू नका असे सांगतात, आणि टाचेखाली पाण्याने भरलेला ग्लोव्ह बांधून ठेवू नका असेही सांगतात. त्या गृहस्थांच्या दोन्ही टाचांखाली तसे ग्लोव्ह होते. आम्ही दोघींनी ते काढले, पोटऱ्यांखाली उशी अशी सरकवली की टाचा अधांतरी राहिल्या, आणि कूस बदलायच्या वेळा तिने कागदावर लिहून खाटेला चिकटवल्या.

त्या मुलीला मी दोष देत नाही, कारण पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका प्रात्यक्षिक परीक्षेत मी परीक्षक असताना एका विद्यार्थिनीने लाल जागेवर चोळायला नम्रपणे नकार दिला होता आणि ‘मी वाचले आहे की हे करू नये’ असे सांगितले होते. माझ्या हातातील तपासणी यादीत ‘चोळणे’ ही पायरी होती, ती तिने वगळली म्हणून मी तिचे गुण कापले. पुढे मी स्वतः वाचले तेव्हा ती बरोबर होती हे कळले. तिला मी शोधू शकले नाही. परीक्षा तिची होती, पण कसोटीला मी उतरले नाही, ही बोच अजून गेलेली नाही, आणि हे पत्र लिहिण्यामागे तीही आहे.

नव्या मुलींना यादी आम्ही देतो आणि गुणही यादीप्रमाणे देतो, तर त्या यादीबाहेरचे विचारतील कशा? नाकातून घातलेली ट्यूब जठरात पोहोचली की नाही हे पाहण्यासाठी पिचकारीने हवा सोडून पोटावर स्टेथोस्कोप लावायचा, हे आम्ही पिढ्यान् पिढ्या शिकवले. ट्यूब चुकून श्वासमार्गात गेली तरी तसाच आवाज ऐकू येऊ शकतो, म्हणून ही पद्धत भरवशाची नाही, आणि आत आलेला द्रव ओढून त्याची आम्लता पाहणे किंवा शंका असल्यास एक्स-रे काढणे हेच सुरक्षित आहे, हे आता चांगलेच ठाऊक झाले आहे. बाळंतपणाआधी स्त्रीचे जननभागावरचे केस काढणे आणि सरसकट एनिमा देणे यांची जागतिक आरोग्य संघटना शिफारस करत नाही. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीपासून घोटभर पाणीही न देण्याची सवय अनेक ठिकाणी आहे, वास्तविक सुदृढ प्रौढ रुग्णाला नेहमीच्या नियोजित शस्त्रक्रियेआधी दोन तासांपर्यंत साधे पाणी चालते. ही उदाहरणे मी कोणाला हिणवायला देत नाही. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला समजेल इतके सोपे प्रश्न वॉर्डात रोज समोर पडलेले असतात, एवढेच मला दाखवायचे आहे.

आपल्या मराठीत यासाठी एक नेमका शब्द आहे: ‘कशावरून?’ घरात मुलाने तो विचारला तर आपण उत्तर देतो. वॉर्डात विद्यार्थिनीने विचारला तर ती उलट बोलते असा शेरा मिळतो. म्हणून हा प्रश्न विचारण्याची रीतही शिकवावी लागते. सर्वत्र ज्याला ‘पिको’ म्हणतात तो आराखडा मी माझ्या वर्गाला चार ‘क’ म्हणून सांगत असे: कोणासाठी, काय, कशाच्या ऐवजी, कशासाठी. ‘अंथरुणाला खिळलेल्या वृद्धासाठी, दर दोन तासांनी कूस बदलणे, चोळण्याच्या ऐवजी, बेडसोर टळावा म्हणून’ असे एका चिठ्ठीवर लिहिले की प्रश्न धारदार होतो, शोधायला सोपा जातो, आणि इन्चार्ज सिस्टरांसमोर तो ठेवला तर त्यांनाही आपल्या अनुभवावर बोट ठेवले जात आहे असे वाटत नाही. माझा अनुभव असा की जुन्या सिस्टरच अशा चिठ्ठीवर सर्वांत उत्सुकतेने बोलतात, कारण मनात आलेले प्रश्न त्यांनी वर्षानुवर्षे मनातच ठेवलेले असतात.

पुराव्याचे नाव काढले की आमचे विद्यार्थी परदेशातील रुग्णालये डोळ्यांसमोर आणतात. त्यांना आधी बेळगाव जिल्ह्याची गोष्ट सांगायला हवी. २००२ ते २००५ या काळात आपल्या जिल्ह्याच्या ग्रामीण भागात एक मोठी चाचणी झाली. प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव टाळण्यासाठीचे इंजेक्शन व ते सतत थंड ठेवणारी शीतसाखळी जेथे पोहोचत नाही, तेथे मिसोप्रोस्टॉलच्या ६०० मायक्रोग्रॅम गोळ्या तोंडाने दिल्या तर उपयोग होतो का, हा प्रश्न होता. १६२० स्त्रियांचा त्यात समावेश होता. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निवडीने निम्म्यांना औषध आणि निम्म्यांना हुबेहूब दिसणारी निष्क्रिय गोळी मिळाली. बाळंतपण करणे, गोळी देणे आणि वाहिलेले रक्त मोजणे ही कामे पंचवीस एएनएम भगिनींनी (गावपातळीवरच्या सहायक परिचारिका-प्रसाविकांनी) केली. निष्कर्ष २००६ मध्ये ‘लॅन्सेट’ या ख्यातनाम नियतकालिकात आले: निष्क्रिय गोळीच्या गटात रक्तस्राव १२.० टक्के स्त्रियांना झाला आणि औषधाच्या गटात ६.४ टक्के, तीव्र रक्तस्राव १.२ टक्क्यांवरून ०.२ टक्क्यांवर आला. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या उपयोगासाठी मिसोप्रोस्टॉलला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. पावसात रस्ता तुटला की कणकुंबी, जांबोटीकडच्या बाळंतिणीला तालुक्याच्या ठिकाणी आणणे म्हणजे काय असते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या आकड्यांचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

संख्याशास्त्राचा तास ज्या मुलांना कंटाळवाणा वाटतो त्यांना हेच आकडे फळ्यावर लिहून द्यावेत. १२ मधून ६.४ वजा केले की ५.६ उरतात, म्हणजे शंभर स्त्रियांना गोळी दिली तर सुमारे साडेपाच जणींचा रक्तस्राव टळतो, आणि शंभराला ५.६ ने भागले की कळते की साधारण अठरा जणींना औषध दिल्यावर एकीचा रक्तस्राव टळतो. मग विचारावे: त्या बदल्यात काय सोसावे लागले? औषध घेतलेल्यांत थंडी वाजणे आणि ताप येणे अधिक आढळले, पण ते तात्पुरते होते. जेथे हा रक्तस्राव रोखणारे ऑक्सिटोसिन इंजेक्शन हाताशी आहे तेथे तेच पहिली पसंती राहते, मग ही गोळी नेमकी कोणासाठी? हा एक तास नीट झाला तर शास्त्रीय लेख कसा वाचावा हे मुलांना जेवढे कळेल तेवढे पाठ केलेल्या सूत्रांनी कळणार नाही.

याच कामातून निघालेली आणखी एक गोष्ट मला नर्सिंगच्या दृष्टीने फार मोलाची वाटते. बाळंतिणीखाली पसरायची, खाली मापाच्या खुणा असलेली एक प्लास्टिकची पिशवीवजा चादर येथे वापरली गेली. बेळगावातच १२३ स्त्रियांवर केलेल्या तुलनेत दिसले की नुसत्या नजरेने केलेला रक्ताचा अंदाज या चादरीच्या मापापेक्षा ३३ टक्क्यांनी कमी भरतो. मी स्वतः कित्येक रात्री प्रसूतिगृहात ‘नेहमीइतकेच गेले’ असे नोंदवहीत लिहिले आहे. ते माप मी कपड्यावरच्या डागांवरून ठरवत होते आणि माझ्या अनुभवावर माझा पूर्ण विश्वास होता. अनुभवाला मापाची जोड का लागते, हे शिकवायला याहून जवळचे उदाहरण आपल्या जिल्ह्याला मिळणार नाही. तरीही आमच्या किती विद्यार्थ्यांना हे माहीत आहे? मी विचारते तेव्हा बहुतेक वेळा नकारार्थी मान हलते.

पुराव्याची नवी पोथी करून ती पाठ करून घेणे हेही तितकेच घातक ठरेल. सलाईनची सुई दर तिसऱ्या दिवशी बदलावी असा नियम आपण पाळत आलो. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड राज्यात ३२८३ रुग्णांवर झालेल्या, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ठरावीक दिवशी सुई बदललेल्या आणि गरज पडली तेव्हाच बदललेल्या अशा दोन्ही गटांत शिरेला सूज येण्याचे प्रमाण ७ टक्केच निघाले. हे वाचून एखादा विद्यार्थी उत्साहाने म्हणेल की आता बदलायची गरजच नाही. पण ‘गरज पडली तेव्हा’ हे कळण्यासाठी सुईची जागा रोज, खरे तर प्रत्येक पाळीत, कोणीतरी डोळ्यांनी पाहायला हवी. जेथे एका सिस्टरच्या वाट्याला रात्री चाळीस खाटा येतात तेथे ती पाहिली जाईल का, हे आधी विचारले पाहिजे. पुरावा आपल्या वॉर्डाला लागू पडतो का, हे ठरवणे हाच शिक्षणाचा सर्वांत अवघड भाग आहे. तो खाटेशेजारी उभे राहूनच शिकवता येतो.

रुग्णाची इच्छा जाणून घेणे हा या विचाराचा तिसरा पाय, आणि आपल्या सीमाभागात तो भाषेवर उभा आहे. सीमाप्रश्न मला या पत्रात आणायचा नाही. वॉर्डातले वास्तव तेवढे सांगते. लेख इंग्रजीत, अध्यापन इंग्रजी-कन्नडमध्ये, मराठी शाळेतून आलेली मुलगी मनात मराठीत विचार करते, आणि समोरचा रुग्ण गोकाककडचा कन्नड भाषक, निपाणीचा मराठी भाषक किंवा घरात उर्दू बोलणारा असतो. चंदगडहून आलेल्या माझ्या एका हुशार विद्यार्थिनीने एका रुग्णाच्या नोंदीत ‘छातीत त्रास’ असे लिहिले होते, कारण तो सारखा ‘उरि, उरि’ म्हणत होता. कन्नडमध्ये उरि म्हणजे जळजळ. त्याची तक्रार लघवीच्या नळीची होती. ती नळी गरजेपेक्षा अधिक दिवस राहिली होती, आणि नळी जितके दिवस राहते तितका संसर्गाचा धोका वाढतो, हा पुरावा त्या मुलीला तोंडपाठ होता. नशिबाने संध्याकाळच्या पाळीतील सिस्टर कन्नड भाषक होत्या, त्यांच्या लक्षात आले आणि डॉक्टरांना विचारून नळी काढली गेली. म्हणून माझे मत असे की मराठी मुलांना पहिल्याच सत्रात वॉर्डापुरती कन्नड आणि कन्नड मुलांना वॉर्डापुरती मराठी नेटाने शिकवावी, दुखणे, जळजळ, चक्कर, मळमळ, ‘तुम्हाला काय हवे आहे?’ एवढ्यापासून सुरुवात करून. हा भाषेचा सोस नाही, शुश्रूषेचाच भाग आहे.

साधने नाहीत ही सबब आता पुरती लागू पडत नाही. लेखांचे सारांश पबमेडवर विनामूल्य दिसतात, जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचना कोणालाही उतरवून घेता येतात, आणि राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांसाठी ‘हेलिनेट’ हे डिजिटल ग्रंथालय आहे. कमतरता वेळेची आणि मोकळिकीची आहे. वॉर्डात मोबाइल बंदी असावी हे मला मान्य आहे, परंतु पोस्टिंगच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत ट्यूटरच्या देखरेखीखाली त्याच दिवशीच्या एका चिठ्ठीचे उत्तर शोधायला काय हरकत आहे? महिन्यातून एकदा एक लेख वॉर्डातच वाचावा आणि त्याला स्टाफ नर्सना सन्मानाने बोलवावे. मुख्य म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षेत, पहिल्या वर्षापासून, ‘ही पायरी तू कशावरून केलीस?’ या प्रश्नाला थोडे का होईना गुण ठेवावेत, आणि यादीतली पायरी सकारण वगळणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण कापण्याआधी परीक्षकाने त्याचे कारण ऐकून घेण्याचे बंधन असावे. विद्यापीठांनी आणि प्राचार्यांनी मनावर घेतले तर यासाठी नवी इमारत लागणार नाही, नवे पदही लागणार नाही.

शिक्षकांची तयारी हा खरा कठीण प्रश्न आहे, हे मी जाणते. अनेक तरुण ट्यूटर स्वतःच त्याच सातव्या सत्राच्या साच्यातून आलेले आहेत, त्यांच्यावर तास, पोस्टिंग आणि रेकॉर्ड तपासणीचा भार आहे, आणि ‘मला हे ठाऊक नाही, आपण शोधू या’ असे वर्गासमोर म्हणायला धीर लागतो. तो धीर मला फार उशिरा आला.

माझ्याकडून एवढे करता येईल: खानापूर आणि परिसरातील ज्या महाविद्यालयांना असे वाचन सुरू करायचे असेल, त्यांच्यासाठी महिन्यातील एक शनिवार मी विनामूल्य देईन. पहिल्या शनिवारी आपल्याच जिल्ह्यातील २००६ चा तो लेख वाचायला घेऊ. विद्यार्थ्यांनी येताना साधा कॅल्क्युलेटर आणि आपापले रेकॉर्ड बुक आणावे.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त नर्सिंग शिक्षिका
खानापूर, जि. बेळगाव